कुरणातली पीठसाखर

भाचीने मुंग्या मोजायला निवडलेल्या कुरणात मी एकवीस दिवस, रोज सकाळी, मुंग्यांना पीठसाखर घातली.

हे वाक्य आता मला इतकं सरळ लिहिता येतं, कारण त्याला तीन वर्षं झाली, भाचीच्या नावामागे डॉक्टर लागलं, आणि मुख्य म्हणजे ती माझ्याशी बोलते. मधे एक आठवडा असा गेला होता की हेच वाक्य घशात आडवं झालं होतं. गिळवत नव्हतं, थुंकवत नव्हतं.

आठवण निघाली ती मोज्यावरून. परवा सुमनने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, धुवायच्या ढिगातून माझा एक मोजा चिमटीत धरून बाहेर काढला आणि खिडकीकडे नेऊन उजेडात पाहिला.

"अहो, परत गवतात गेला होतात?"

"छे. रस्त्यानेच गेलो होतो."

"मग हे रस्त्यावर उगवतं का?"

मोज्यात सात-आठ कुसळं रुतलेली होती. म्हणजे दिवस आले तर. दसरा मागे पडलाय, दिवाळी अजून यायचीय, आणि त्र्यंबकच्या डोंगरांचा हिरवा रंग दमल्यासारखा दिसू लागलाय. धबधब्यांचे दोरे झालेत. भात वाकलंय, नागलीची कणसं मुठी आवळून उभी आहेत, आणि कुरणं खालून पिवळी, वरून तांबूस झाली आहेत. सकाळी दवाने पँट गुडघ्यापर्यंत भिजते आणि अकरा वाजता तीच पँट पापडासारखी वाळते. वाळत्या गवताचा वास मला कोऱ्या वहीच्या आणि गुळाच्या चहाच्या मधला कुठलातरी वाटतो. सुमन म्हणते, तुम्हाला सगळ्याच वासात चहा येतो.

आणि कुसळं. कुसळ म्हणजे जिद्द. पुढे सुईसारखं टोकदार बी, मागे पीळ पडलेली काळपट शेपटी. दव पडलं की शेपटी उलगडते, ऊन लागलं की पुन्हा पिळते, आणि या पिळण्या-उलगडण्यात बी हळूहळू जमिनीत घुसत जातं. जमीन नाही मिळाली तर मोजा चालतो. मोज्यानंतर घोटा. माझ्या घोट्यांत त्या वर्षी इतकं बी पेरलं गेलं होतं की पावसाळ्यात उगवून येईल अशी मला खरोखर धास्ती होती.

मी भूगोलाचा मास्तर. देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत तेहतीस वर्षं घालवली. लांबवर तोफांचा सराव चालायचा, वर्गाच्या काचा थरथरायच्या आणि मी फळ्यावर अक्षांश काढत असायचो. ते कधी सरळ आले नाहीत, त्याचा दोष मी तोफांना दिला. निवृत्त झाल्यावर सुमनच्या माहेरगावी, त्र्यंबकला राहायला आलो. आमच्या गल्लीत सकाळी दार उघडलं की समोर ओलेत्याने जाणारे यात्रेकरू, आणि दर तिसऱ्या दारावर कुठल्या ना कुठल्या गुरुजींची पाटी. अशा ठिकाणी राहून माणसाच्या पत्रिकेत काही निघालं नाही तरच नवल.

मुक्ता माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. पुण्यात शिकायची. काय, तर मुंग्या. तिने पहिल्यांदा हे घरी सांगितलं तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "मुंग्यांचं काय शिकायचंय त्यात? साखरेचा डबा उघडा ठेव, सगळ्या येतात." सगळे हसले. मुक्ता हसली नाही. ती तेव्हा हसली असती, तर कदाचित हे वाक्य मी विसरून गेलो असतो. ती हसली नाही म्हणून ते माझ्या डोक्यात कुठेतरी राहून गेलं असावं.

तिला एक असं ठिकाण हवं होतं जिथे गवत आणि रान एकमेकांना चिकटून असतील. गवतात कोणत्या मुंग्या राहतात, रानात कोणत्या, आणि जिथे दोघांची हद्द लागते तिथे काय होतं, हा तिचा प्रश्न. असं ठिकाण आमच्या गावाबाहेर चार किलोमीटरवर निघालं. ठकूबाईंचं कुरण. ठकूबाई साठी ओलांडलेल्या, काटक, डोक्याला फडकं बांधलेल्या. भात आणि नागली पिकवायच्या, शिवाय डोंगराच्या पायथ्याचं हे कुरण गुरांसाठी राखायच्या. एका बाजूला रस्ता आणि चहाची टपरी, दुसऱ्या बाजूला रान. मुक्ताने टपरीपासून रानाच्या कडेपर्यंत सरळ रेषेत तीस प्लॅस्टिकचे पेले जमिनीत पुरले, काठ मातीच्या बरोबरीला येईल असे. आत चार बोटं साबणाचं पाणी. चालता चालता मुंगी आत पडते. दर तिसऱ्या दिवशी पेल्यातलं पाणी गाळून बाटलीत भरायचं, चिठ्ठी टाकायची, नवं पाणी ओतायचं.

हे करायला तिथे राहणारा एक जबाबदार माणूस हवा होता. तो न मिळाल्यामुळे तिने मला विचारलं.

"मामा, एकच गोष्ट. तिकडे जाताना खायचं काही नेऊ नका. बिस्किट नाही, चिवडा नाही. जमिनीवर सांडलं की त्या वासावर येतात आणि माझं सगळं गणित चुकतं."

"चिवडा आपण खिशातसुद्धा ठेवणार नाही," मी म्हणालो.

आणि हा शब्द मी पाळला. चिवडा मी नेला नाही.

पहिला आठवडा मी निरनिराळ्या प्रकारे मूर्ख ठरण्यात घालवला. बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या बाटलीत विरघळल्या. चौदा नंबरचा पेला मला सापडेना. आयुष्यभर मुलांना दिशा शिकवलेला माणूस मी, कमरेएवढ्या गवतात अर्धा तास गोल फिरलो आणि शेवटी पेला बुटाला सापडला. एकदा टेकायला म्हणून बसलो ते नेमका डोंगळ्यांच्या दारात. ते मोठे काळे डोंगळे किती शिस्तीने पँटच्या आत शिरतात आणि मग किती बेशिस्त होतात, ते सांगायचं हे ठिकाण नव्हे. एकदा तर मी मुक्ताला फोन करून कळवलं, की एक नवीनच मुंगी मिळालीय, पुढचे दोन पाय वर धरून चालते.

"मामा, पाय मोजा."

मी भिंग लावून मोजले. "आठ."

"मग ती मुंगी नाही. मुंगीचं सोंग घेतलेला कोळी आहे."

मला त्या कोळ्याबद्दल जरा आपुलकी वाटली. मीही त्या कुरणात शास्त्रज्ञाचं सोंग घेऊनच हिंडत होतो.

पण हळूहळू डोळे बसत गेले. उभं राहून पाहिलं तर कुरण म्हणजे नुसतं गवत. गुडघा कुरकुरत असताना, एका हाताने जमीन धरून, खाली बसलं की तिथे नगरपालिका सुरू असते. वाळक्या काड्यांवर वाळवीने मातीचा पातळ गिलावा चढवून ठेवलेला, त्या सावलीत तिचं खाणं चाललेलं. शेणाच्या पोवर एकाच सकाळी चाळणीसारखी भोकं पडलेली, आणि शेणकिडे मागच्या पायांनी गोळा ढकलत घाईने निघालेले. नाकतोडे माझ्या सावलीने उडायचे आणि पुन्हा माझ्याच पुढच्या पावलावर येऊन बसायचे. रानाच्या कडेला तांबड्या मुंग्यांनी हिरवी पानं ओढून, शिवून घरं केलेली; शिवायला धागा कसला, तर स्वतःच्या पिल्लांच्या तोंडातून निघणारा. पिल्लू तोंडात धरायचं आणि सुईसारखं या पानावरून त्या पानावर फिरवायचं. मुलांना कामाला लावायची ही रीत पाहून माझ्यातला मास्तर क्षणभर सुखावला.

आणि कुरणाच्या मधोमध त्या बी गोळा करणाऱ्या मुंग्या. लहानशा, तपकिरी, डोकं अंगाच्या मानाने मोठं. एकीने एक बी धरायचं, तिच्या लांबीच्या तिप्पट, आणि लांबलचक वेळू खांद्यावर घेतल्यासारखं डुलत डुलत घरी न्यायचं. त्यांच्या बिळाच्या तोंडाशी गोल ओटा, आणि ओट्याभोवती सोलून टाकलेल्या भुसाची कड. मी वाकून ते बघत होतो तेव्हा ठकूबाई शेजारच्या नागलीतून आल्या.

"काय बघताय भाऊ? खळं हाय ते त्यांचं."

"कोणाचं?"

"मुंग्यांचं. आमी बी झोडायला बसायच्या आधी ह्यांचं झोडून व्हतं. ह्यांच्या खळ्यावर भुसा दिसला का समजायचं, बी पिकलं, विळे काढा."

"आणि तुमचं बी नेतात ते?"

"नेतात तर नेतात. समदं थोडंच खातात? वाटंत सांडतात, बिळात इसरतात. जुन्या खळ्याच्या जागी बघा, गवत कसं दाट येतं."

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि पुढे मुक्ताला माझा शोध म्हणून सांगितलं. तिने विचारलं, "ठकूमावशी म्हणाल्या का?" मी विषय बदलला.

आता पीठसाखरेकडे यायलाच हवं. त्या वर्षी मी स्कूटरवरून तीनदा पडलो होतो. तिन्ही वेळा स्कूटर उभी होती. सुमनने गल्लीतल्या एका गुरुजींना पत्रिका दाखवली. साडेसाती. उपाय सोपा: एकवीस दिवस काळ्या मुंग्यांना कणीक आणि साखर. सुमनला तो पटला. तिच्या माहेरी घरात काळ्या मुंग्यांची रांग निघाली तर कुणी झाडू लावत नाही, लक्ष्मी आली म्हणतात; लाल मुंगी निघाली तर मात्र हळद घेऊन धावतात. पण गावात पीठसाखर घालायची कुठे? घातली की मागून कुणीतरी ओल्या पायाने तुडवून जातं. पुण्य करायला जावं आणि पाप पदरात पडावं.

"तुम्ही तरी सारखे मुंग्यांकडेच जाता," सुमन म्हणाली. तिने एक छोटी स्टीलची डबी भरून दिली.

आता कुणीही विचारील, की बाबा रे, 'खायचं काही नेऊ नका' हे वाक्य तुला आठवलं नाही का? आठवलं की. पण ते खाण्याबद्दल होतं. हा धर्म होता. चिवडा आणि धर्म यांत मला फरक दिसला, इतकंच नव्हे तर तो स्पष्ट दिसला. शिवाय मनाला आणखी एक टोचणी होती. दर तिसऱ्या दिवशी त्या पेल्यांत बुडालेल्या मुंग्या गाळायच्या म्हणजे जिवावर यायचं. मी विचार केला, पेल्याच्या काठाशी जरा पीठसाखर ठेवली तर मुंगी तिथेच जेवेल. पोटभर जेवलेली मुंगी कशाला पुढे जाऊन पाण्यात पडेल? म्हणजे साडेसातीही टळेल आणि जीवही वाचतील. एका डबीत दोन पुण्यं. या युक्तीवर मी इतका खूश होतो की ती मुक्तालाही सांगितली नाही. म्हटलं, उगाच तिला अपराधी वाटायला नको.

ते एकवीस दिवस खरंच सुंदर होते. टपरीपाशी स्कूटर लावायची, बूट काढून पहिल्या पेल्याशी बसायचं, चिमटीने पीठसाखर सोडायची. दोन मिनिटांत त्या यायच्या. काळ्या, लांब पायांच्या, वेड लागल्यासारख्या इकडून तिकडे धावणाऱ्या. एकीला कळलं की शंभरजणींना कळायचं. दवाने भिजलेल्या गवतात ती काळी झुळझुळती रांग पाहून माझे हात आपोआप जोडले जायचे. गुडघासुद्धा बरा वाटू लागला होता. टपरीवाला लांबून बघायचा, मी त्यालाही नमस्कार करायचो. घरी सुमन विचारायची, "सगळीकडे घातली ना?" मी म्हणायचो, "अगदी रानापर्यंत."

एकवीस दिवस झाले, डबी घासून फडताळात गेली. त्यानंतरच्या रविवारी दुपारी मुक्ता आली. भरलेल्या बाटल्या दर आठवड्याला तिच्याकडे जातच होत्या. आता आली ती आनंदाने नुसती फुटत. हात न धुताच तिने लॅपटॉप उघडला आणि सुमनचं थालीपीठ त्याच्याशेजारी तसंच निवत राहिलं.

"मामा, हे बघा. ही आपल्या घरातली धावरी काळी मुंगी. माणसाच्या मागे मागे जगभर हिंडते. ती कुरणात यायलाच नको. पण बघा, पहिल्या पेल्यात किती! दुसऱ्यात थोडी कमी, तिसऱ्यात आणखी कमी, असं सहाव्यापर्यंत. सातव्यापासून शून्य. आणि जिथे ही आहे तिथे बी नेणाऱ्या मुंग्या गायब. म्हणजे कळलं का? ती रस्त्याकडून आत शिरतेय! गवताला ढकलत चाललीय! सर म्हणाले, हे खरं असेल तर सगळा प्रबंधच यावर फिरवू. पुढच्या सोमवारी मला सगळ्यांसमोर मांडायचंय."

पडद्यावर एक रेघ होती. डावीकडे उंच, मग उतरत उतरत जमिनीला टेकलेली. भूगोलाच्या माणसाला उतार वाचता येतो. तो उतार मी ओळखला. त्या उतारावरून मी एकवीस दिवस चाललो होतो.

"अगं, पण हे पण तर रोज तिथेच त्या मुंग्यांना..." सुमनने सुरुवात केली.

"पाणी दे," मी म्हणालो. "ठसका लागला."

"कुठे लागला?"

मग लागला.

त्या दुपारी मी वामकुक्षी घेतली नाही. सुमनने कपाळाला हात लावून पाहिला. मुक्ता संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेली, आणि मग तो आठवडा सुरू झाला. रोज तिला फोन लावायचा. ती "बोला मामा" म्हणायची. मी विचारायचो, तिकडे ऊन कसंय. एकदा विचारलं, जेवलीस का. सकाळचे नऊ वाजले होते. गुरुवारी तीच म्हणाली, "मामा, तुमची तब्येत ठीक आहे ना?" मनात नाना पळवाटा यायच्या. कदाचित मुंग्या आधीपासूनच असतील. कदाचित माझ्या चिमटीचा एवढा परिणाम होतही नसेल. तेहतीस वर्षं पोरांच्या सबबी ऐकल्या, त्या सगळ्या आता माझ्याच तोंडून मला ऐकू येत होत्या, आणि एकही नवी नव्हती. पोरगी चार वर्षं राबलेली. सोमवारी ती भर सभेत उभी राहून माझी पीठसाखर निसर्गाचा नियम म्हणून सांगणार होती.

शनिवारी ती शेवटच्या बाटल्या न्यायला आली आणि आम्ही स्कूटरवरून कुरणात गेलो. वाटेत सांगायचं ठरवलं होतं. वाटेत खड्डे होते. टपरीशी सांगायचं ठरवलं. टपरीवर माणसं होती. लांब रानाकडच्या टोकाला ठकूबाईंची दोन्ही पोरं विळे घेऊन गवताला लागली होती, कापलेल्या गवताच्या पेंढ्या उन्हात पडल्या होत्या. पहिल्या पेल्याशी मुक्ता वाकली. मी तोंड उघडलं. एवढ्यात ठकूबाई बांधावरून आल्या.

"काय भाऊ, हल्ली डबी नाय दिसत तुमची?"

मुक्ता वाकल्या जागी थांबली. "कसली डबी?"

"ती न्हाय का, पीठसाखरेची. रोज घालायचे मुंग्यांला. मला वाटलं तुझ्याच कामातलं हाय ते, पोरी."

मुक्ता सावकाश सरळ झाली. माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, शाळेत ज्या मुलांना मी बाकावर उभं केलं, त्या सगळ्यांनी त्या क्षणी मला माफ केलं असतं.

"मामा?"

"साडेसाती होती," मी म्हणालो.

ती मटकन गवतात बसली. कुसळांचंही भान नव्हतं. एक नाकतोडा तिच्या बाटलीवर येऊन बसला आणि उडून गेला. मी ओरडा खायला तयार होतो.

"किती दिवस?"

"एकवीस."

"तीसच्या तीस पेल्यांपाशी?"

आता इथे माझी खरी पंचाईत होती. घरी सुमनला 'रानापर्यंत' असं सांगितलेलं. गावात दोन-चार जणांना 'अख्खं कुरण जेवू घातलं' असंही म्हणून झालेलं. खरं सांगावं तर धर्मात कुचराई. खोटं सांगावं तर पोरीचं सगळंच बुडालं. मी खाली बघत म्हणालो, "सगळीकडे घालायचं मनात होतं."

"मामा. किती?"

"त्याचं काय आहे, ती डबी छोटी..."

"कुठली डबी अन् काय!" ठकूबाई कडाडल्या. "त्या पळसापल्याड डबी घेऊन पाऊल नव्हतं टाकत ह्यांचं. पयल्या पेल्याला मूठभर, दुसऱ्याला चिमूट, पळसापाशी नुसती डबी झटकायचे नि माघारी. पळसाखालीच बसायचे मग, बूट काढून."

पळस सहाव्या पेल्याशी होता.

मुक्ताने पळसाकडे पाहिलं. मग पेल्यांच्या रेषेकडे. मग पिशवीतून कागद काढून त्या उतरत्या रेघेवर बोट ठेवलं आणि ते बोट सावकाश रेघेवरून खाली नेलं. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. मी जवळ गेलो तर ती हसत होती. डोळ्यांत पाणी होतंच, पण हसत होती.

"म्हणजे हा मुंग्यांचा आलेख नाहीच. तुमच्या आळसाचा आहे!"

माझ्या आळसाबद्दल आजवर बरंच बोललं गेलंय, पण त्याचं इतक्या अचूकपणे मोजमाप कुणी केलं नव्हतं. आणि त्या क्षणी मला जे हलकं वाटलं, ते सांगता येणार नाही. मी थोडा आणखी धार्मिक असतो, गुडघा थोडा बरा असता, डबी थोडी मोठी असती, तर तीसही पेले गेले असते. सातव्यापासून तिसाव्यापर्यंत चोवीस पेले स्वच्छ होते, ते केवळ माझा स्वभाव वाईट म्हणून. मुक्ताने तिथूनच सरांना फोन केला. मी लांब जाऊन उभा राहिलो. परत आली तेव्हा म्हणाली, "सर आधी चिडले, मग हसले. मांडणं पुढे ढकललंय. पण रस्त्याकडचे सहा पेले परत हवेत. साखर पूर्ण जाऊन मुंग्या मूळ जागी यायला हव्यात. दहा-बारा दिवस तरी."

अडचण गवताची होती. गवत कापलं की सावली जाते, बी जातं, मुंग्यांचं सगळं जगणं बदलतं. मग मोजून उपयोग नाही. आणि ठकूबाईंची पोरं भाऊबीज झाली की निफाडकडे द्राक्षाच्या कामाला जायची ती उन्हाळ्यापर्यंत परतायची नाहीत. ती जायच्या आत कुरण मोकळं व्हायला हवं होतं. मुक्ता मागायला धजेना. माझी तर मागायची लायकीच नव्हती.

ठकूबाईंनी रस्त्यापासून पळसापर्यंत नजर टाकली.

"तेवढी पट्टी ऱ्हाऊ दे उभी. पोरं गेल्यावर मी कापीन माझ्या हातानं."

"एकट्या?" मुक्ता म्हणाली.

"एकटी कशी? हे हायेत ना."

अशा रीतीने त्या दिवाळीत मला विळा मिळाला.

त्याआधीचे बारा दिवस मी रोज रिकाम्या हाताने गेलो. खिसे उलटे करून दाखवायचो; ठकूबाई तपासायच्याही. चौथ्या दिवशी ती धावरी काळी रांग विरळ झाली. सहाव्या दिवशी उरल्यासुरल्या टपरीकडे परत गेल्या, जिथे बशीत चहा सांडतो आणि बिस्किटं मोडतात. त्यांचा निरोप घेताना मला जरा वाईट वाटलं. एकवीस दिवस मी त्यांना देवाच्या मुंग्या समजत होतो, आणि त्या साध्या टपरीवरच्या निघाल्या, माझ्यासारख्याच. पहिल्या पेल्याभोवती काही दिवस कुणीच नव्हतं. ओसाड. मला भीती वाटायला लागली, की ज्यांचं घर होतं त्या परत आल्याच नाहीत तर?

दहाव्या दिवशी सकाळी दव अजून वाळलं नव्हतं. मी पळसाखाली बसलो होतो, जुन्या सवयीने बूट काढून. गवताच्या बुडाशी काहीतरी हललं. एक मोठ्या डोक्याची तपकिरी मुंगी. तोंडात कुसळाचं बी, शेपटीसकट. शेपटी दवाने उलगडायला लागलेली, मुंगीला एका बाजूला ओढत होती. मुंगी दुसऱ्या बाजूला. अशी झटापट करत ती सहाव्या पेल्यावरून पाचव्याकडे निघाली. तिच्या मागे आणखी एक. मग तीन. मी श्वास धरून बसलो. हात जोडायचं आठवलं नाही. बाराव्या दिवशी पहिल्या पेल्यापासून चार पावलांवर ओट्याभोवती ताज्या भुसाची बारीक कड उमटली होती. मी मुक्ताला फोन लावला आणि म्हणालो, "खळं लागलं." तिकडून फक्त, "थँक यू, मामा." तो माझ्या आयुष्यातला सर्वांत फुकटचा आणि सर्वांत गोड मान.

पट्टी आम्ही दोन दिवसांत कापली. म्हणजे ठकूबाईंनी कापली आणि मी त्यांच्या मागे राहिलेले ठेंगणे झुबके कापत गेलो. त्या खळ्यांना वळसा घालून विळा चालवायच्या. मी वळसा घालताना स्वतःच्या बुटाची नाडी कापली. सुमनला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, अर्धवट उपायाबद्दल बोलणी बसतील. ती म्हणाली, "एकवीस दिवस झाले ना? झालं मग. शनीला कुठे पेले मोजायचेत." स्कूटरवरून मी त्यानंतर एकदाच पडलो, आणि तेव्हा ती खरंच चालू होती.

मुक्ताचा प्रबंध जाडजूड आहे. त्यात मी एकाच ठिकाणी आहे. तळटीप अशी: 'पेला क्रमांक एक ते सहा, पहिल्या फेरीतील नोंदी मानवी हस्तक्षेपामुळे वगळल्या.' मी ते पान घडी करून ठेवलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. 'मानवी' या शब्दावर बोट ठेवतो. लोक 'हस्तक्षेप' वाचतात.

मोज्यातली कुसळं निघाल्यावर काल मी अखेर कबूल केलं, की हो, गेलो होतो गवतात. कारण मुक्ता परत आलीय. यंदा दुसरी कसलीशी मोजणी आहे, त्याच रेषेत, तेच तीस पेले. आज सकाळी मुक्ता, ठकूबाई आणि मी असे आम्ही तिघं कुरणाच्या कडेला उभे होतो. दव, तांबूस तुरे, तोच वास. पळस जरा मोठा झालाय. मी बाह्या सरसावल्या, पेले उचलले आणि म्हणालो, "बोल मुक्ता, मी कुठून सुरुवात करू?"

मुक्ता काही बोलायच्या आत ठकूबाईंनी माझ्या हातातले पेले काढून घेतले.

"भाऊ, तुम्ही गाडीपाशीच बसा. मुंग्यांला कामं हायेत."